विश्लेषण : ‘विज्ञानाने देव सिद्ध केला’ या दाव्यात तथ्य किती?

शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीत दहावीचा विद्यार्थी ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ हे पुस्तक उघडतो, तेव्हा पहिलाच धडा समोर येतो : आनुवंशिकता व उत्क्रांती. संध्याकाळी त्याच्याच मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडीओ येतो. मागे फिरणारी आकाशगंगा, भारदस्त आवाजातले हिंदी डबिंग आणि शीर्षक असे की, शास्त्रज्ञांनी अखेर मान्य केले, विश्वाला निर्माता आहे! पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की यातले खरे कोणते? पुस्तक की व्हिडीओ? की दोन्ही?

असे व्हिडीओ सगळ्याच धर्मांच्या नावाने फिरतात. पण त्यांतले बरेचसे मुद्दे मुळात ख्रिस्ती जगात घडले आणि तिथून इतरांनी उचलले. महाराष्ट्रासाठी ते नवेही नाहीत. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत हेच वाद जाहीरपणे झाले होते. म्हणून आजचा व्हिडीओ नीट समजायचा तर थोडे मागे जावे लागते.

अपॉलॉजेटिक्स म्हणजे काय?

नावात ‘अपॉलॉजी’ असली तरी याचा माफीशी संबंध नाही. ग्रीक भाषेत ‘अपॉलॉजिया’ म्हणजे न्यायालयात आरोपीने स्वतःच्या बचावासाठी केलेले भाषण. ख्रिस्ती धर्मावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना तर्काने उत्तर देण्याचे हे शास्त्र आहे. मराठीत त्याला धर्मसमर्थन म्हणता येईल. त्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात सृष्टीकडे बोट दाखवून ‘निर्माता आहे’ असे सिद्ध करायचे. दुसऱ्यात तो निर्माता म्हणजे बायबलमधलाच देव, हे पटवायचे. हे दोन टप्पे वेगळे आहेत. व्हिडीओत ते एका दमात उरकले जातात आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

घड्याळ, मडके आणि वीट

पहिल्या टप्प्यातला सर्वांत गाजलेला दाखला इंग्लंडचे धर्मपंडित विल्यम पेली यांचा. १८०२ मधल्या त्यांच्या ‘नॅचरल थिऑलॉजी’ या ग्रंथातून तो जगभर गेला. माळरानावर पडलेले घड्याळ सापडले, तर ते आपोआप तयार झाले असे कोणी म्हणणार नाही. मग घड्याळाहून कितीतरी गुंतागुंतीचा डोळा आपोआप कसा होईल? तरुण चार्ल्स डार्विन यांना केंब्रिजमध्ये पेली वाचताना हा युक्तिवाद अगदी पटला होता.

आपल्याकडे हाच विचार त्याच्या कितीतरी आधी झाला होता. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर सिद्ध करण्यासाठी जे युक्तिवाद दिले, त्यांत हा एक आहे. मडके हे कार्य आहे, म्हणून त्याला कुंभार असतो. पृथ्वी हेही कार्यच आहे, म्हणून तिलाही कर्ता हवा. त्यावरचे आक्षेपही आपल्याच परंपरेत आधीपासून होते. मीमांसक कुमारिल भट्टांनी विचारले होते की, सृष्टीच नव्हती तेव्हा त्या कर्त्याला शरीर कुठून आले? आणि दुःखाने भरलेले जग निर्माण करण्याची इच्छा त्याला का झाली? सांख्य, जैन आणि बौद्ध परंपरांनीही जगाचा निर्माता मानला नाही. ‘भारतीय परंपरा म्हणजे देव मानणारी आणि विज्ञान म्हणजे देव न मानणारे’ ही वाटणी त्यामुळे मुळातच चुकीची आहे.

या दाखल्यातली अडचण किन्हवलीच्या वाचकाला वीटभट्टीवरून चटकन कळेल. पावसाळा सरला की शहापूर-मुरबाड पट्ट्यात भट्ट्या लागतात, माती मळली जाते, साच्यातून विटा पडतात. म्हणून रस्त्यात एखादी वीट दिसली तर ती कोणीतरी थापली आहे हे आपण ओळखतो, कारण विटा थापताना आपण हजारदा पाहिल्या आहेत. विश्व तयार होताना मात्र कोणी एकदाही पाहिलेले नाही, आणि तुलना करायला दुसरे विश्वही नाही. स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचा मुख्य आक्षेप साधारण हाच होता. त्यांचा ग्रंथ १७७९ मध्ये, म्हणजे पेलींच्या आधी २३ वर्षे छापला गेला. वीट पाहून ती एकाने थापली की दहा जणांनी, थापणारा आज जिवंत आहे की नाही, हेही कळत नाही, असे ह्यूम यांना जणू सुचवायचे होते.

मराठी मुलखात वाद कधी पेटला?

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. दोनच वर्षांत त्यांचे मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद झाले. मोरभटांनी आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या पुस्तकात मांडली आणि विल्सन यांनी त्याला छापील उत्तर दिले. १८४२ मध्ये अहमदनगरहून अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ निघाले. त्यात धर्मोपदेशासोबत ग्रहणे, भूगोल, यंत्रे यांची माहिती असे. हा योगायोग नव्हता. पृथ्वी सपाट आहे, मध्ये मेरू पर्वत आहे, सात समुद्र आहेत असे पुराणे सांगतात. दुर्बीण आणि नकाशा दाखवून ते खोडून काढले की श्रोता आपोआप बायबलकडे वळेल, असा मिशनऱ्यांचा हिशेब होता.

हे वाद कागदावरच राहिले नाहीत, घराघरांत शिरले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा सुमारे १२ वर्षांचा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला गेला. घरी आला तरी जातीत घेणार कोण? त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तर सनातन्यांनी कडाडून विरोध केला. एका लहान मुलाने कुणाच्या पंक्तीला जेवायचे, यावर सगळी मुंबई भांडत होती.

सूर्यमाला पटली, धर्म पटला नाही

मिशनऱ्यांचा हिशेब कुठे चुकला, हे सुबाजी बापू या मराठी ज्योतिषाच्या उदाहरणातून दिसते. भोपाळजवळच्या सिहोरला लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहवासात त्यांनी नवे खगोलशास्त्र अभ्यासले. १८३६ च्या सुमारास त्यांनी मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहिले. त्यात पुराणांचे, भास्कराचार्यादी सिद्धांतकारांचे आणि कोपर्निकसचे अशी विश्वाची तीन वर्णने शेजारी ठेवली. पुराणांतला भूगोल बरोबर नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

तीन वर्षांनी, १८३९ मध्ये, जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ लिहिला. गुरू-शिष्याच्या संवादातून सृष्टीवरून निर्माता आणि चमत्कारांवरून ख्रिस्ती धर्माची सत्यता, अशी मांडणी त्यात होती. त्याला पहिल्यांदा उत्तर देणाऱ्यांत ‘सोमनाथ’ या नावाने लिहिणारे सुबाजी बापूच होते. सूर्य मध्यभागी आहे हे स्वीकारलेल्या माणसाने त्यासाठी आपला धर्म बदलण्याची गरज मानली नाही. एका ग्रंथातला भूगोल चुकला म्हणून दुसरा ग्रंथ बरोबर ठरत नाही, ही साधी गोष्ट आजही बहुतेक व्हिडीओंमध्ये हरवते.

म्यूर यांना उत्तर देणारे आणखी एक होते काशीतले मराठी पंडित नीळकंठशास्त्री गोरे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्यांनी ख्रिस्ती मत खोडले. पण वाद घालता घालता ते स्वतःच बदलले आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी हिंदू दर्शनांवर टीका केली. युक्तिवादाने कोणाचेच मन बदलत नाही, असे म्हणून त्यामुळे सुटता येत नाही. मात्र युक्तिवादाने आलेल्या गोऱ्यांना शंकांनी आयुष्यभर सोडले नाही, हेही प्रसिद्ध आहे.

१८५७ मध्ये जानेवारी ते मे या काळात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी गर्दीसमोर वाद घालत होते. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्याचा वृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला. म्हणजे उत्तरेत उठाव सुरू झाला तेव्हा इकडे वाळूत उभे राहून देव आणि सृष्टी यांवर वाद झडत होते.

फुल्यांचा ‘निर्मिक’ कुठे बसतो?

या सगळ्यात वेगळी वाट जोतीराव फुल्यांची. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याबद्दल त्यांना आदर होता, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्यावर थॉमस पेन यांच्या लिखाणाचा प्रभाव होता. सृष्टी हाच देवाचा खरा शब्द, त्यासाठी धर्मग्रंथ लागत नाही, अशी भूमिका पेन यांनी ‘एज ऑफ रीझन’मध्ये घेतली होती. फुल्यांनी निर्मात्यासाठी ‘निर्मिक’ हा शब्द रूढ केला. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त निर्मिकाची सविस्तर मांडणी आहे. निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना सारखेच निर्माण केले, म्हणून कोणी जन्माने उच्च-नीच नाही आणि मध्यस्थाचीही गरज नाही, असा त्याचा रोख आहे.

धर्मसमर्थनाच्या दोन टप्प्यांतली फट इथे उघड दिसते. सृष्टीवरून निर्माता सिद्ध होतो असे घटकाभर धरले, तरी तो युक्तिवाद फार तर निर्मिकापर्यंत पोहोचतो. पुढे येशू, विष्णू की आणखी कोणी, हे त्यातून निघत नाही. पेलींचे घड्याळ, उदयनाचे मडके किंवा आजचा डीएनए यांवर कोणत्याही धर्माचा शिक्का नाही. त्याच शतकात ‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून तिसऱ्याच टोकाला गेले. देव कल्पनेचा उगम माणसाच्या मनात शोधणारा ‘देवतोत्पत्ति’ हा निबंध त्यांनी लिहिला. सृष्टी एकच, पण ती पाहून तिघे तीन निष्कर्षांवर आले.

बिग बँगने काय सिद्ध होते?

आजच्या व्हिडीओंचा हुकमी एक्का म्हणजे बिग बँग. अमेरिकेचे विल्यम लेन क्रेग यांनी १९७९ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेला युक्तिवाद तीन वाक्यांचा आहे. ज्याला आरंभ आहे त्याला कारण असते. विश्वाला आरंभ आहे. म्हणून विश्वाला कारण आहे. हा युक्तिवाद मुळात मध्ययुगीन इस्लामी पंडितांचा. क्रेग यांनी त्याला खगोलशास्त्राची जोड दिली.

बिग बँगची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ होते आणि कॅथलिक धर्मगुरूही. व्हिडीओत हे आवर्जून सांगतात. पुढची गोष्ट मात्र सांगत नाहीत. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी भाषणात नव्या खगोलशास्त्राचा संबंध बायबलमधल्या ‘प्रकाश होवो’शी जोडला. लमेत्र यांना ते आवडले नाही. वैज्ञानिक सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्यावर श्रद्धेची इमारत उभारू नये, असे त्यांचे मत होते. त्यांनी पोपच्या विज्ञान सल्लागारापर्यंत आपले म्हणणे पोहोचवले आणि १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो उल्लेख टाळला.

दुसऱ्या बाजूला होते फ्रेड हॉईल. ‘बिग बँग’ हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर वापरले, तेही विरोधक म्हणून. विश्वाला आरंभ असणे त्यांना पटत नव्हते आणि त्यात धर्माची घुसखोरी दिसत होती. त्यांचे शिष्य आणि सहकारी म्हणजे कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर. विश्व सतत प्रसरण पावते, मधल्या जागेत नवे द्रव्य तयार होते आणि त्याला ना आदि ना अंत, हा स्थिर स्थिती सिद्धांत हॉईल आणि नारळीकरांनी लावून धरला. १९६५ मध्ये विश्वाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्याचे जाहीर झाले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ बिग बँगकडे झुकले. नारळीकरांनी पुण्यात ‘आयुका’ उभारली, मराठी वाचकांना विज्ञानकथा दिल्या आणि मे २०२५ मध्ये निधन होईपर्यंत बिग बँगबद्दलची शंका सोडली नाही. सगळे द्रव्य एका क्षणी एकदम आले म्हणायचे आणि त्या क्षणाला भौतिकीचे नियम लावायचे नाहीत, हे विज्ञान कसे, हा त्यांचा सवाल होता.

पुराव्यांच्या बाबतीत हा डाव नारळीकर हरले, असेच बहुतेक खगोलशास्त्रज्ञ म्हणतील. पण त्यांच्या सवालात तथ्य उरतेच. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय उष्ण आणि दाट होते, हे भक्कम पुराव्यानिशी सांगता येते. त्याही मागे, अगदी शून्य क्षणाकडे जाऊ लागलो की आइनस्टाइन यांची समीकरणे उत्तर देईनाशी होतात. तिथे ‘आरंभ’ होता की आधीच्या कशाचे रूपांतर झाले, हे सांगणारा सर्वमान्य सिद्धांत अजून नाही. म्हणजे क्रेग यांचे दुसरे वाक्य, ‘विश्वाला आरंभ आहे’, हे विज्ञानाने दिलेला निकाल म्हणून वापरता येत नाही.

‘इतके अचूक जुळले कसे?’

यातला सर्वांत दमदार मुद्दा कोणता, असे विचारले तर तो निसर्गातल्या अचूक जुळणीचा, आणि त्याचे उत्तम उदाहरण नास्तिक हॉईल यांनीच दिले आहे. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात हेलियमच्या तीन केंद्रकांतून तयार होतो. साध्या हिशेबाने तो फारच थोडा व्हायला हवा होता. हॉईल यांनी १९५३ मध्ये भाकीत केले की, कार्बनच्या केंद्रकात एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे. अमेरिकेत कॅलटेकच्या प्रयोगशाळेत शोधले आणि ती सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला सापडली. ती थोडी इकडे-तिकडे असती तर पुरेसा कार्बन तयार होणे अवघड होते आणि हा लेख वाचायला कोणी नसते. पुढे हॉईल यांनाही हे सारे एखाद्या महाबुद्धीने घडवल्यासारखे वाटते, असे लिहावेसे वाटले. ते ख्रिस्ती मात्र झाले नाहीत.

त्यावरची उत्तरे तीन तऱ्हेची आहेत. काही म्हणतात, असंख्य विश्वे असतील आणि आपण जगता येण्याजोग्या विश्वात आहोत. पण त्याचा पुरावा आज नाही, त्यामुळे हीसुद्धा एक प्रकारे श्रद्धाच ठरते, हा धर्मसमर्थकांचा टोला बिनतोड आहे. काही म्हणतात, निसर्गाचे आकडे दुसरे असू शकले असते की नाही हेच माहीत नसताना ‘शक्यता इतकी कमी’ हा हिशेब कशाच्या जोरावर करता? ब्रिटिश लेखक डग्लस अ‍ॅडम्स यांचा दाखला असा की, खड्ड्यातल्या डबक्याला वाटते, हा खड्डा माझ्याच मापाने खणला आहे. शहापूरच्या रस्त्यांवर पावसाळ्यात हा दाखला जागोजागी तपासता येतो. प्रामाणिक उत्तर इतकेच की, हा प्रश्न खुला आहे.

आणि डीएनए?

इथे मात्र खुले फारसे काही नाही. जिवाणूच्या शेपटीसारख्या रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या उत्क्रांतीने होणे शक्य नाही, असे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी १९९६ मध्ये मांडले. ‘इंटेलिजंट डिझाइन’ असे या मताचे नाव. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने ते वर्गात आणले, पालक न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नाही. बीही यांची त्या खटल्यात साक्ष आणि उलटतपासणीही झाली होती.

उत्क्रांती मानली की ख्रिस्ती राहता येत नाही, हाही गैरसमज आहे. मानवी जनुकसंच प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स हे श्रद्धावान ख्रिस्ती. ‘इंटेलिजंट डिझाइन’ त्यांना मान्य नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती हा केवळ तर्क राहिलेला नाही, असे म्हटले होते. त्यामुळे दहावीचा पहिला धडा वसईच्या कॅथलिक मुलालाही अडचणीचा वाटण्याचे कारण नाही.

आजच्या खऱ्या फटीत देव बसवला, तरी उद्या ती फट बुजली तर काय, ही भीती खुद्द धर्मशास्त्रज्ञांनाच अधिक सतावते. ज्याची श्रद्धा व्हिडीओतल्या एका आकड्यावर उभी आहे, तो आकडा चुकीचा निघाला की त्याच्या हातात काही राहत नाही.

मग माणसे ख्रिस्ती झाली कशाने?

महाराष्ट्रातल्या नामवंत ख्रिस्ती लोकांची चरित्रे पाहिली तर ताऱ्यांचा हिशेब क्वचितच सापडतो. नारायण वामन टिळकांना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते हलले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाने संसाराची काय दैना झाली ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पतित मानलेल्या स्त्रियांसाठी चालणारे तिथले सेवाकार्य त्यांना जवळून दिसले होते. त्यांच्यावर ज्यांच्या विचारांचा परिणाम झाला, त्यांत नेहेम्या गोरेही होते, ही नोंद मात्र करायला हवी.

व्हिडीओ आला तर काय पाहावे?

शास्त्रज्ञाचे नाव घेतले असेल तर त्याने पुढे काय म्हटले, हे शोधावे. लमेत्र आणि हॉईल दोघांचीही अर्धीच वाक्ये फिरतात. ‘विज्ञानाला अजून माहीत नाही’ इथून ‘म्हणजे देवच’ इथे उडी मारली आहे का, आणि निर्मात्यापासून एका विशिष्ट धर्मापर्यंत दुसरी उडी कधी मारली, हे पाहावे. उलट ‘विज्ञानाने देव नाही हे सिद्ध केले’ असा व्हिडीओ आला तर त्यालाही हीच कसोटी लावावी. तसे काही सिद्ध झालेले नाही.

मोबाइलपलीकडे पाहायचे असेल तर किन्हवलीहून सरळगाव गाठून माळशेज घाट चढावा. पलीकडे नारायणगावजवळच्या खोडद गावाच्या परिसरात जीएमआरटीच्या ३० दुर्बिणी आहेत, प्रत्येकीची तबकडी ४५ मीटर व्यासाची. दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनच्या क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, गावोगावच्या शाळा आपले प्रयोग घेऊन येतात आणि शास्त्रज्ञांना समोरासमोर प्रश्न विचारता येतात.